चेक इंजिनचा दिवा, ईजीआर व्हॉल्व आणि आमची म्हातारी मिनीव्हॅन

रारिटनकाठी
नमस्कार मंडळी. मुक्काम एडिसन, न्यू जर्सी. गाडी २००४ची मिनीव्हॅन, पेट्रोल, व्ही-सिक्स, १,६८,००० मैल झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की पहिले तीस प्रतिसाद 'ही घेतलीच कशाला' यावर खर्च होतील.

तीन आठवड्यांपूर्वी चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. पार्ट्सच्या दुकानात कोड फुकट वाचून देतात. दोन निघाले: पी०४०१, म्हणजे ईजीआरमधून पुरेसा वायू जात नाही, आणि पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. सकाळी थंड असताना गाडी गुणी बाळासारखी चालते. गरम झाली की सिग्नलला उभी असताना थरथरते. हायवेला तक्रार नाही. हां, आय-७८वरून पेनसिल्व्हेनियाकडे जाताना चढावर पाय दाबला की डब्यात शेंगदाणे हलवल्यासारखा आवाज येतो, पण तो वर्षभर येतोय, आता सवय झाली.

गॅरेजवाला म्हणतो ईजीआर व्हॉल्व आणि मॅप सेन्सर दोन्ही बदला, मजुरीसकट ७८० डॉलर. गाडी विकली तर पंधराशे आले तरी खूप. महिनाअखेर इन्स्पेक्शन आहे आणि दिवा लागलेला असला की थेट नापास.

तर दोन्ही बदलू, एकच बदलू, की गाडीच बदलू? नवऱ्याचं मत तिसरं आहे, म्हणून इथे विचारतेय.

उनाड_पाना
गाडी बदला.

रारिटनकाठी
तुम्ही माझे मिस्टर तर नाही ना?

अर्धाकप_चहा
धागा वाचनखूण म्हणून साठवला. पण आधी कोणीतरी ईजीआर म्हणजे काय ते माझ्यासारख्या कॉमर्सवाल्याला कळेल असं सांगा.

नाशिकचा_फिटर
सांगतो. बावीस वर्षं अंबडला गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो, मी फक्त ओरडायला जातो.

इंजिनाने सोडलेल्या धुरातला थोडा भाग परत त्याच्याच तोंडात द्यायचा, त्याला ईजीआर म्हणतात. पेट्रोल गाडीच्या धुरात ऑक्सिजन जवळपास नसतोच, त्यामुळे तो जळत नाही, नुसती जागा अडवतो आणि उष्णता शोषतो. आतलं तापमान त्याने खाली येतं. ते साधारण १,४०० अंशांच्या वर गेलं की हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांना धरतात आणि नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. ते होऊ नये म्हणून हा खटाटोप. किती धूर परत सोडायचा हे ठरवणारा दरवाजा म्हणजे ईजीआर व्हॉल्व.

ताई, तुमच्या गॅरेजवाल्याने कोड वाचला आणि बिल लिहिलं. पेट्रोल गाडीत आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, ईजीआर बंद असतो. व्हॉल्व उघडा अडकला तर सिग्नलला गाडी थरथरेल, बंदही पडेल. पण तुमचा कोड म्हणतोय की धूर जातच नाहीये! जातच नसेल तर थरथर त्याची कशी? हे दोन वेगळे आजार आहेत, नाहीतर एकाच गोष्टीमुळे दोघांवर आळ आलाय. व्हॉल्वला अजून हात लावू नका.

कोकणकडा
नाना, थोडी दुरुस्ती. आयडलिंगला ईजीआर उघडा असतो. माझ्या सात-सीटर डिझेलमध्ये स्कॅनरवर स्वतः पाहिलंय.

नाशिकचा_फिटर
डिझेलमध्ये उघडा असतो, बरोबर. डिझेलला आयडलवर हवा हवी त्यापेक्षा कितीतरी जास्त मिळते, त्यात थोडा धूर मिसळला तरी तिला फरक पडत नाही. पेट्रोलला आयडलवर मोजून-मापून हवा मिळते, तिथे धूर घुसला की मिसिंग सुरू. दोन्हीत भाग एकच, नाव एकच, स्वभाव वेगळे. सख्खे भाऊ असतात तसे.

कोकणकडा
मान्य. शब्द मागे घेतो.

अर्धाकप_चहा
या संस्थळावर कोणीतरी शब्द मागे घेतला! आजची तारीख लिहून ठेवा.

बेलापूर_लोकल
आमच्याकडे मिनीव्हॅन म्हणजे ओमनी. १९८४ ते २०१९ चालली, आमच्या वडिलांकडे सुरुवातीच्या काळातली कार्ब्युरेटरवाली होती. तिला सेन्सर एकच, वडिलांचं नाक. वास आला की चोक बघायचा.

उनाड_पाना
आणि हिंदी सिनेमात अपहरण करायचं तर तीच. सरकता दरवाजा, आत ओढलं की झालं.

रारिटनकाठी
सरकता दरवाजा माझ्याही गाडीला आहे. डावीकडचा दोन वर्षांपासून सरकत नाही. अपहरण करायचं तर उजवीकडूनच करावं लागेल.

किलोपास्कल
धाग्यावर येऊ या. मी इंजिन कॅलिब्रेशनमध्ये काम करतो, पुण्यात. नाशिकचे फिटरकाका बरोबर रस्त्यावर आहेत, थोडी भर घालतो.

ताई, तुमच्या गॅरेजवाल्याने मॅप सेन्सरचं नाव घेतलं ते अगदीच हवेत नाही. मॅप म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, दाब मोजणारा सेन्सर. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये आत येणारी हवा मोजायला मॅफ नावाचा वेगळा सेन्सर असतो आणि मॅप हा ईजीआरचा परीक्षक असतो. तुम्ही हायवेवर पाय उचलून गाडी नुसती वाहू देता, तेव्हा ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, क्षणभर ईजीआर उघडतो आणि मॅपचा आकडा वर जातो का बघतो. धूर आत आला तर दाब वाढायलाच हवा. नाही वाढला तर पी०४०१. म्हणजे या कोडमागे संशयित तीन: व्हॉल्व हलत नाही, व्हॉल्व हलतो पण पुढची वाट कार्बनने बुजलीय, किंवा सगळं ठीक आहे आणि परीक्षकच झोपलाय.

परीक्षक तपासणं सगळ्यात स्वस्त. ईएलएम३२७वाला एक ब्लूटूथ डोंगल घ्या, गाडीच्या सेन्सरांचे आकडे मोबाइलवर दाखवतो. १९९६पासून अमेरिकेत विकलेल्या प्रत्येक कारला ओबीडी-२चं, म्हणजे स्कॅनर जोडायचं, सॉकेट सक्तीचं आहे, स्टीअरिंगखाली सापडेल. इंजिन चालू न करता नुसती किल्ली फिरवा. मॅपने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा, एडिसन समुद्रसपाटीच्या जवळ असल्याने १०० किलोपास्कलच्या आसपास. मग इंजिन चालू करा, गरम होऊ द्या. आयडलला ३० ते ४०च्या आसपास यायला हवा. दोन्ही आकडे बरोबर असतील तर सेन्सर बदलण्यात अर्थ नाही.

तळजाई
किलोपास्कल, हे तुम्ही चार वर्षांपूर्वी लिहिलं असतंत तर माझे पैसे वाचले असते. माझ्या गाडीत किल्ली फिरवली की मॅप ९५ दाखवायचा. नेटवर सगळीकडे १००-१०१ लिहिलेलं. खराब समजून नवा बसवला. नवाही ९५!

किलोपास्कल
पुणे ५६० मीटरवर आहे हो. इथे हवाच ९५ची आहे. सेन्सर इमानदार होता.

तळजाई
ते नंतर कळलं. मग सूड म्हणून तोच डोंगल लावून पसरणी घाट चढलो. वाईत ९३ होता, पाचगणीत ८७ झाला. मुलं दर वळणाला आकडा ओरडून सांगत होती. एकालाही उलटी झाली नाही, एवढाच फायदा.

नाशिकचा_फिटर
😂 जुना सेन्सर जपून ठेवा, पुढच्या ट्रेकला न्या.

घन_गर्जत
एवढं रामायण कशाला? ईजीआरच्या वाटेवर पत्र्याची चकती मारून धूर बंद करा आणि विषय संपवा. इथे निम्म्या डिझेल गाड्यांना मारलेली असते. पिकअप वाढतो, इनटेकमध्ये डांबर साठत नाही, आणि पीयूसीसुद्धा आरामात पास होते.

किलोपास्कल
पीयूसी पास होते कारण डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराचा काळेपणा मोजतात. बीएस-४ गाडीला मर्यादा ५० एचएसयू (धुराच्या काळेपणाचं एकक), त्याआधीच्यांना ६५. नायट्रोजन ऑक्साइड तिथे कोणी मोजतच नाही, आणि तो तर डोळ्यांना दिसतही नाही. ईजीआर बंद केला की काजळी कमी होते आणि तो वाढतो. म्हणजे नेमकं जे मोजतात ते सुधारतं आणि जे मोजत नाहीत ते बिघडतं. 'पास झाली' हा पुरावा होत नाही.

आणि ताईंची गाडी अमेरिकेत आहे. उत्सर्जनाचं यंत्र निकामी करायला तिथे संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. वर पेट्रोल गाडीत चकती मारली की कोड उडायच्या ऐवजी कायमचा पी०४०१ मिळेल. तिच्याकडे आत्ता आहे तोच!

घन_गर्जत
शहरातले ट्रक, जनरेटर, बांधकामं कोणाला दिसत नाहीत, आमची एक चकती दिसते. ठीक आहे. पण इनटेकमधला तो डांबराचा थर काढायला दर ५०-६० हजार किलोमीटरला पैसे कोण देणार? माझ्या गाडीचं मॅनिफोल्ड उघडलं तेव्हा मनगट जाईल एवढ्या पाइपमध्ये करंगळी जेमतेम जात होती.

कोकणकडा
हा त्रास मात्र खरा आहे. एका बाजूने ईजीआरची काजळी, दुसऱ्या बाजूने क्रँककेसच्या ब्रीदरमधून तेलाची वाफ. दोन्ही एकत्र आली की चिक्की. मीही साफ करून घेतो. चकती मात्र मारली नाही.

रसायन_आजोबा
मी निवृत्त प्राध्यापक, गाडीतलं फारसं कळत नाही, नायट्रोजन ऑक्साइडमधलं थोडं कळतं. १९५०च्या आसपास लॉस एंजेलिसमध्ये लोकांचे डोळे चुरचुरायचे आणि कारण कळेना. कॅलटेकचे आरी हागेन-स्मिट मूळचे वनस्पतींच्या रसायनांचे अभ्यासक, अननसाच्या वासावर काम केलेले. त्यांनी दाखवलं की न जळलेलं इंधन आणि नायट्रोजन ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं की ओझोन आणि त्यासोबत डोळे चुरचुरवणारे पदार्थ बनतात. ऊन आपल्याकडे लॉस एंजेलिसपेक्षा कमी आहे का? एवढं बोलून थांबतो. चर्चा छान चालू आहे.

अर्धाकप_चहा
अननसापासून ईजीआरपर्यंत. याचसाठी मी या धाग्यांवर पडीक असतो.

रारिटनकाठी
सर्वांचे आभार. डोंगल आला, २२ डॉलर. आकडे देते.

किल्ली फिरवून मॅप १०१. गरम इंजिन, आयडलला ४३. ॲपमध्ये 'फ्युएल ट्रिम' नावाचं काही दिसतंय. लाँग टर्म आयडलला अधिक २१ टक्के. रेस करून २,५०० आरपीएमला धरलं तर अधिक ६पर्यंत खाली येतं. हे चांगलं की वाईट?

किलोपास्कल
हे सोनं आहे.

ट्रिम म्हणजे ईसीएमने ठरल्यापेक्षा किती जास्त पेट्रोल ओतावं लागतंय तो आकडा. आयडलला २१ आणि रेस केल्यावर ६, याचा अर्थ मॅफने न मोजलेली हवा कुठूनतरी चोरून आत येतेय. वाटीभर आमटीत पळीभर पाणी पडलं तर आमटी बिघडते, पातेलंभर आमटीत पडलं तर कळतही नाही. आयडलला इंजिन वाटीभरच हवा घेतं म्हणून तिथे ती चोरी जास्त दिसते. उलटं असतं, म्हणजे रेस केल्यावर ट्रिम वाढला असता, तर मी मळका मॅफ किंवा थकलेला पेट्रोल पंप म्हटलं असतं. तुमचा मॅप ४३ दाखवतोय तेही जुळतं, चोरीची हवा घुसली की आतला दाब थोडा वाढतोच. सेन्सर शहाणा आहे, खरं सांगतोय.

थंड असताना ठीक का चालते तेही यातच आलं. तेव्हा ईसीएम मुळातच मिश्रण घट्ट ठेवतो आणि आरपीएमही जास्त असतात, चोरी झाकली जाते.

नाशिकचा_फिटर
व्हॅक्यूम लीक. वीस वर्षांचं रबर, दुसरं काय होणार. पीसीव्हीच्या, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ परत इनटेकमध्ये नेणाऱ्या, नळीचा कोपरा बघा, इंजिनाच्या मागच्या बाजूला, जिथे हात जात नाही तिथे. नेहमी तिथेच चिरतो.

उनाड_पाना
उदबत्ती घेऊन फिरवा. धूर जिथे आत ओढला जाईल तिथे भोक. दुहेरी फायदा, गाडीची पूजाही होईल.

नाशिकचा_फिटर
पेट्रोलच्या चालू इंजिनावर उदबत्ती फिरवायची नाही! गमतीतही लिहू नका, कोणीतरी करतं. कार्ब क्लीनरचा फवारा मारायची पद्धत आहे, पण गरम सायलेन्सरवर तोही पेटतो. नुसतं पाणी घ्या, कपड्यांना इस्त्री करताना वापरतात ती फवाऱ्याची बाटली. एकेका नळीवर थोडं थोडं मारा. जिथे आयडलिंग क्षणभर बदलेल तिथे चीर. कॉइल आणि वायरिंगवर पाणी नको, पंख्यापासून ओढणी लांब.

रारिटनकाठी
सापडलं!! फिटरकाका, पीसीव्हीचाच कोपरा, मागेच. खालच्या बाजूने करंगळीएवढी चीर, वरून काहीच दिसत नव्हतं. आरसा आणि मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं. नवा तुकडा ८ डॉलरला. बसवायला पाच मिनिटं, जुना काढायला दीड तास आणि मराठीतल्या काही शिव्या, ज्या मुलीने आजवर ऐकल्या नव्हत्या.

आयडलिंग आता लोण्यासारखं. ट्रिम अधिक ३. कोड उडवले.

अर्धाकप_चहा
७८०च्या जागी ८! या धाग्याला वर्गणी लावा.

तळजाई
इन्स्पेक्शनला लगेच जाऊ नका हं. माझा भाऊ न्यू जर्सीतच असतो, असाच कोड उडवून दुसऱ्या दिवशी गेला, परत पाठवला. कोड उडवला की ईसीएमच्या सगळ्या तपासण्या कोऱ्या होतात. त्या परत पूर्ण व्हाव्या लागतात. या तपासण्यांना मॉनिटर म्हणतात, २००१पासूनच्या गाड्यांत एकच मॉनिटर अपूर्ण चालतो. बॅटरीची तार काढून दिवा विझवणारेही तिथेच अडकतात.

रारिटनकाठी
पाच दिवसांनी दिवा परत. पी०१७१ नाही. पी०४०१ एकटाच. आता?

उनाड_पाना
गाडी बदला.

नाशिकचा_फिटर
ताई, मी पहिल्या प्रतिसादात दोन वेगळे आजार असू शकतात म्हटलं होतं. आणि तुमची पहिली पोस्ट आज परत वाचली. चढावर शेंगदाण्यांचा आवाज. वर्षभर. तुम्ही 'सवय झाली' म्हणून सोडून दिलंत आणि आम्हीही सोडून दिलं, चूक माझीही. ते नॉकिंग आहे. धूर आत जात नाही म्हणून आतलं तापमान वाढतं आणि ओढ पडली की पेट्रोल वेळेआधी पेटतं. तुमचा ईजीआर खरंच काम करत नाहीये, वर्षभरापासून.

व्हॉल्व की वाट, एवढंच ठरवायचं राहिलं. व्हॉल्वला हुकूम देता येईल असा स्कॅनर कोणाकडे आहे का? आयडलला उघडायला सांगा. उघडल्यावर इंजिन धडपडलं तर धूर येतोय. व्हॉल्व उघडलाय असं स्कॅनर दाखवतो आणि इंजिन ढिम्म राहतं, तर वाट बुजलेली.

रारिटनकाठी
मुलीच्या मैत्रिणीच्या बाबांकडे तसला मोठा स्कॅनर निघाला. व्हॉल्व १०० टक्के उघडला, आकडाही तेच सांगतोय, इंजिनाला पत्ताच नाही. शांतपणे चालू.

किलोपास्कल
व्हॉल्व निर्दोष मुक्त. मॅप आधीच सुटलाय. वाट खरवडा.

नाशिकचा_फिटर
इंजिन पूर्ण थंड असताना. दोन बोल्ट, आधी तेल मारून रात्रभर ठेवा, मोडला तर रडायची वेळ येईल. व्हॉल्वचा वीजवाला भाग क्लीनरमध्ये बुडवायचा नाही. मॅनिफोल्डकडच्या भोकातला कार्बन खरवडताना व्हॅक्यूम क्लीनरची नळी शेजारी धरा, खपल्या आत पडू देऊ नका. गॅस्केट नवीच. हातमोजे घाला, ती काजळी दोन दिवस नखांतून जात नाही.

रारिटनकाठी
काम फत्ते. भोक जवळजवळ पूर्ण बंद होतं, पेन्सिलीचं टोकही आत जाईना. निघालेला माल वाटीभर. व्हॉल्व स्वतः बऱ्यापैकी स्वच्छ होता, आणि मी त्याचेच पैसे मोजणार होते.

एकूण हिशोब: डोंगल २२, कोपरा ८, गॅस्केट ४, स्प्रे ९. त्रेचाळीस डॉलर आणि दोन शनिवार. काल आय-७८ला गेले, मुद्दाम चढावर पाय दाबला. शेंगदाणे संपले.

मॉनिटर सगळे तयार, फक्त पेट्रोलच्या वाफेचा अपूर्ण. आज सकाळी सरकारी केंद्रावर गेले, पास. काचेवर नवा स्टिकर लागला.

नाशिकचा_फिटर
शाब्बास. जुना कोपरा टाकू नका. गॅरेजवाल्याला नेऊन दाखवा, चहा पाजेल.

उनाड_पाना
म्हणजे गाडी बदलत नाही तर.

रारिटनकाठी
नाही. आता डावा दरवाजा उघडते.

बेलापूर_लोकल
उशिरा आलो, सगळं वाचलं. माझ्या गाडीत पी०४२० आलाय. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायला सांगतात. आधी काय तपासू?

किलोपास्कल
सायलेन्सर कुठे फुटलाय का ते बघा, आणि मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा आलेख. नवा धागा काढा, आकडे घेऊन या.